पुलाच्या अलीकडे

२ मार्च, सोमवार
समुपदेशक बाईंकडे तिसरी फेरी. बाई स्पष्टच बोलल्या. आठवड्यातून एकदा येऊन तुम्ही मला टायरचं प्रेशर समजावता, त्याने पूल ओलांडला जाणार नाही. इंटेन्सिव्ह थेरपीचा विचार करा. सलग पाच दिवस, रोज तीन तास, तेही खुर्चीत नाही, थेट पुलावर. आधी उभं राहायचं, मग चालायचं, मग गाडी. योग्य वाटते का ते पंधरा दिवसांत ठरवा.

म्हटलं, ठरवतो. वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय, निर्णय घेणं हा धंदाच आहे.

त्या दिवशी पुलाच्या मध्यावर जे झालं ती अ‍ॅसिडिटी होती. छाती धडधडली, हात घामाने चिंब, गाडी तिथेच सोडून चालत परत आलो. ईसीजी नॉर्मल. म्हणजे अ‍ॅसिडिटीच.

४ मार्च, बुधवार
बाईंनी विचार करायला प्रश्न दिलेत. या त्रासापायी रोजचं काही अडतं का? छे! नदीच्या या बाजूला सगळं आहे. चौक, चढ, रिव्हर्स पार्किंग. पूल सिलॅबसमध्येच नाही. साध्या सेशन्सनी फरक पडला का? पडला की. बाईंच्या टायरमधली हवा आता बरोबर असते. पाच दिवस काढता येतील का? इथे मात्र घोडं पेंड खातं. क्लास कोण घेणार?

हिने सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःचा एक प्रश्न टाकला. नातीला कधी बघणार?

नात दोन महिन्यांची. लेकीचं घर पलीकडे. ही बसने जाऊन येते, मी फोटो बघतो. हल्ली फोटो फार छान येतात.

७ मार्च, शनिवार
ठरलं. थेरपी-बिरपी काही नको. उद्या पहाटे रिकाम्या रस्त्याने स्वतःच जायचं आणि लेकीच्या दारात हॉर्न वाजवायचा.

८ मार्च, रविवार
पेट्रोल पंपापर्यंत गेलो. तिथून पूल अख्खा दिसतो. टाकी भरायला सांगितली. पंपावरचा म्हणाला, साहेब, भरलेलीच आहे, सांडतंय. परत आलो. अर्धं काम झालं म्हणायला हरकत नाही.

१० मार्च, मंगळवार
लेकीचा फोन. बाबा, आजारी आहात का, आई काही सांगत नाही. म्हटलं, ठणठणीत आहे. मग येत का नाही? म्हटलं, सीझन आहे, क्लास फुल. मागे बाळ रडत होतं. आवाज खणखणीत, माझ्यावर गेलीय. फोन ठेवल्यावर उगाचच भरून आलं. घरभर येरझाऱ्या घातल्या. हे घर पूर्वी एवढं लहान नव्हतं.

१३ मार्च, शुक्रवार
सुटलो! रविवारी लेक आणि जावईच बाळाला घेऊन येतायत. बाईंना लगेच कळवलं, गरज संपली. त्या म्हणाल्या, ती येणार, पण तुमची अडचण कुठे गेली? शिकलेल्या माणसांना साधं गणित कळत नाही.

हिने बाळासाठी मऊ चादर धुऊन वाळत घातलीय. खूप दिवसांनी काहीतरी गुणगुणतेय.

१५ मार्च, रविवार
सकाळी एकच क्लास, शिंप्याचा. शिंप्यांचा पाय पेडलवर मुळातच छान असतो. प्लॅन असा, की लवकर आटपून पाहुणे यायच्या आत घरी.

चौकात खोदकाम. पोलिसाने सगळ्या गाड्या पुलाकडे वळवल्या. पूल समोर आला आणि माझ्या बाजूचा मास्तरांचा ब्रेक दाबला गेला. शिंपी म्हणाला, सर, मी नाही दाबला. म्हटलं, माहीत आहे. तो म्हणाला, सर, तुम्ही डोळे मिटा, मी नेतो पलीकडे. काय हिंमत! लर्निंग लायसन्सवाल्याने मला न्यायचं? बाजूने हात घालून स्टिअरिंग धरलं आणि त्याला तिथल्या तिथे यू-टर्न मारायला लावला. गाडी आडवी झाली. पुढे ट्रक, मागे बस. मी पुन्हा ब्रेक दाबला, तो पाय काही उठेना. पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गाड्याच गाड्या आणि हॉर्न. शेवटी शिंप्याने माझा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला आणि लोकांनी मला आत ठेवूनच गाडी ढकलली.

दुपारी
कोणी आलंच नाही. लेकीचा फोन. पुलावर उन्हात अडकून पडलो, बाळ रडून रडून लालबुंद झालं, दूधसुद्धा उलटून टाकलं. रस्ता मोकळा झाल्यावर सरळ घरी परत आलो. कोणीतरी मूर्ख गाडी आडवी घालून बसला होता. ड्रायव्हिंग स्कूलची होती म्हणे. बाबा, तुमच्या ओळखीतला आहे का हो?

म्हटलं, नाही. हल्ली कोणीही उठतो आणि स्कूल काढतो.

ही शेजारीच उभी होती. खिडकीतून खाली आमच्या गाडीकडे बघितलं. बंपरला ट्रकचा रंग लागलाय. चादरीची घडी घालून कपाटात ठेवून दिली.

अ‍ॅसिडिटीने डोळ्यांतून एवढं पाणी येतं का, ते डॉक्टरांना विचारायला हवं.

१६ मार्च, सोमवार
बाईंना फोन केला. म्हटलं, ते पाच दिवसांचं घेतो. बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाल्या, उद्या सकाळी पुलाच्या तोंडाशी भेटू.

विचारलं, पेट्रोल पंपापाशी चालेल का?