सालेमच्या रिव्हॉल्व्हरची पेटी

मी, जेरोम पास्कल तुस्कानो, वय वर्षे ६३, धंदा टर्नर, मूळ राहणार भुईगाव, तालुका वसई, हल्ली मुक्काम रुवी, मस्कत, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. ग्रेसला शंका असेल तर तिने ती आत्ताच बोलून दाखवावी, मी गेल्यावर कोर्टात नको.

१. भुईगावचे घर, विहीर व मागच्या चार नारळांसह, तसेच बँकेतली सर्व शिल्लक माझी पत्नी ग्रेस हिला. घराची किल्ली माझ्या चुलतभावाकडे आहे. ती आणायला गेल्यावर तिथे चहा घेऊ नये. एका कपावर तो दोन तास बांधाचं रडगाणं ऐकवतो.

२. इथल्या गाला या कारखान्यांच्या भागातल्या वर्कशॉपमधली माझी स्वतःची हत्यारे इरफानला, जो एकोणीस वर्षं माझ्या शेजारच्या लेथवर उभा आहे. मायक्रोमीटर तो मागेच घेऊन गेलाय आणि परत द्यायला विसरलाय, तेव्हा तो फक्त कागदोपत्री द्यायचा उरला आहे.

३. माझा संग्रह. दीडशे वर्षांपूर्वीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आजच्यासारखं तयार काडतूस नसे. फिरत्या चक्रीच्या प्रत्येक घरात बंदुकीची दारू ओतायची, वर गोळी ठासायची, मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, मग घोडा त्या टोपीवर पडला की बार. सहा बारांसाठी एवढा खटाटोप, म्हणून सोबत पेटीभर सरंजाम यायचा. रिव्हॉल्व्हर बाळगायचा परवाना मला कोण देणार? म्हणून मी सरंजामच जमवला. दारूच्या पितळी कुप्या अकरा, गोळ्या ओतायचे साचे सात, टोप्यांच्या रिकाम्या डब्या बेचाळीस. हे सर्व चिरंजीव रायन, मुक्काम टोरांटो, यास. "डॅडी, जंक आहे, बट क्यूट," असं तो मागच्या ख्रिसमसला म्हणाला. क्यूट म्हणाला म्हणून देतोय. डब्या घासू नयेत. पुन्हा लिहितो, घासू नयेत. कारण पुढच्या कलमात आहे.

४. अक्रोडाच्या लाकडाची पेटी. आत हिरवं कापड, कुपी, साचा, पाना, सगळं आपापल्या खाचेत. मधली मोठी खाच तेवढी रिकामी. तिथलं रिव्हॉल्व्हर सालेम बिन हमूदकडे आहे. सालेम आमच्या वर्कशॉपचा जुना अर्बाब, म्हणजे मालक, आणि एके काळचा माझा जिवलग दोस्त. २०११ साली मत्राहच्या बाजारात ही जोडी आम्ही मिळून घेतली. रिव्हॉल्व्हर त्याच्या परवान्यावर, पेटी माझी. दर शुक्रवारी मी पेटी घेऊन सीबला त्याच्या घरी जायचो. कहवा, खजूर, आणि पेटी उघडून दोघांच्या गप्पा.

आता सहा वर्षं बोलणं नाही. सालेम चिडखोर आहे, असं मी सगळ्यांना सांगत आलो. मृत्युपत्रात खोटं लिहिणं बरं नाही, म्हणून झालं ते लिहितो. जुन्या लोखंडावर जो काळसर तपकिरी रंग चढतो तोच त्याचा खरा दागिना. मी पडलो टर्नर, मला तो गंज दिसला. सालेम जुम्याच्या नमाजाला गेला असताना, त्याला खूश करावं म्हणून, मी सोबत नेलेल्या पॉलिशच्या छोट्या मशीनने सगळा रंग उडवला. रिव्हॉल्व्हर स्टीलच्या नव्या डब्यासारखं चकचकीत! तो परत आला, बघतच राहिला. "ये क्या किया, जेरोम? खलास!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मी वर तोंड करून म्हणालो, "थँक्यू तो बोल."

चूक माझी. शंभर टक्के माझी. सालेमची मला फार आठवण येते. पेटी त्याला द्यावी, कसलीही अट नाही. रायनने ती ऑनलाइन विकली तर मी कबरीतून उठून येईन. ती आणि ते रिव्हॉल्व्हर वेगवेगळ्या घरांत पडून राहू नयेत, एवढीच माझी शेवटची इच्छा.

५. मयताच्या मिसाला प्रवचन आटोपशीर ठेवावे. माझे सद्गुण दहा मिनिटांच्या वर पुरणार नाहीत.

६. इथवर लिहून झालं आणि साक्षीदारांची वेळ आली. शेजारचे राजीव आले. दुसऱ्याला ग्रेसने मला न विचारता फोन केला होता. दार उघडलं तर सालेम! दाढी पांढरी झालीय. ग्रेसने चौथं कलम त्याला हिंदीत वाचून दाखवलं, माझ्यासमोर. मी पंख्याकडे बघत बसलो.

वाचून झाल्यावर सालेम म्हणाला, "पेन दे."

"अरे बाबा, तू साइन करेगा तो बॉक्स तेरे को नहीं मिलेगा," मी म्हटलं. "हमारे क्रिश्चन लोगों का कानून है, गवाह को कुछ नहीं मिलता."

"मरे हुए आदमी से मुझे कुछ नहीं चाहिए. बॉक्स आज दे. और साथ में तू भी चल."

सबब कलम ४ मधील देणगी रद्द समजावी. पेटी मी हयातीत, स्वतःच्या हाताने सालेमला दिली आहे. ती काखोटीला मारून तो माझ्या डोक्यावर उभा आहे आणि त्याचं "यल्ला, यल्ला" चाललंय, म्हणून शेवटच्या ओळींत अक्षर बिघडलं. ते माझंच आहे, कोणी संशय घेऊ नये.

मृत्युपत्र करणार: जेरोम पास्कल तुस्कानो

आम्हां दोघांसमोर त्यांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. राजीव गजभिये, रुवी
२. सालेम बिन हमूद, सीब (सही अरबीत)

रुवी, मस्कत
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५