खास मंडळींसाठी

४ मार्च
सुनेच्या ऑफिसात औषधांची आठवण करून देणारं अ‍ॅप बनतंय. बाजारात येण्याआधीच्या टप्प्यांना अल्फा, बीटा म्हणतात. वापरून बघणाऱ्या वयस्कर मंडळींना काही उमगत नाही. सोपी नावं सुचवा म्हणाली. अखेर घरात कुणाला तरी माझी आठवण झाली. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, नाव असं हवं की पुढे प्रश्नच नको. उद्या सकाळी देते.

९ मार्च
दिली नाहीत. विचार नको का करायला? हे पेपराआडून म्हणाले, लोकांना नावं ठेवायला तुला कधी एवढा वेळ लागला नाही.

१० मार्च
पहिला टप्पा 'फक्त ऑफिसात'. सून खूश. दुसऱ्यासाठी तिनेच 'अर्धवट, विसंबू नका' सुचवलं. शी! पाहुण्यांच्या हातात देताना कुणी असं बोलतं? मी 'खास मंडळींसाठी' केलं. ती कुरकुरली. मी जरा आवाज चढवला. ठरलं.

१५ मार्च
शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्या फोनवर मीच अ‍ॅप टाकून घेतलं. वरचं नाव वाचून मास्तर हरखले. फ्रिजवर चिकटवलेला गोळ्यांच्या वेळांचा कागद लगेच फाडला. नावात दम लागतो.

२१ मार्च, दुपार
मास्तर जिन्यात चक्कर येऊन पडले. मनगट मोडलं. अ‍ॅपने रक्तदाबाच्या गोळीची आठवण चार दिवस केलीच नव्हती. हल्लीची मुलं कामात लक्ष देत नाहीत.

२२ मार्च
सून म्हणते, अशा चुका सापडाव्यात म्हणूनच तर हा टप्पा. यावर कुणी विसंबायचंच नसतं. माझ्याकडे न बघता म्हणाली. बघितलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आज मास्तरांना सगळं सांगून टाकणार. माफी मागायला मी घाबरत नाही.

२३ मार्च
गेले नाही. आजारी माणसाला विश्रांती हवी.

२५ मार्च
गेले. मी तोंड उघडायच्या आत मास्तरच म्हणाले, "ताई, एवढ्या विश्वासाने खास मंडळींत घेतलंत, आणि मला धड चालवता आलं नाही. माझंच चुकलं. सूनबाईंना मात्र सांगू नका."
मी म्हटलं, "वय झालं की होतं असं."
प्लास्टरमधला हात सावरत त्यांनी चहा केला. मी तो प्यायलेही.

२६ मार्च, संध्याकाळ
सुनेने नाव बदललं. 'अर्धवट, विसंबू नका.' मग विचारलं, "आई, मास्तरांना सांगितलंत ना?"
हो म्हटलं.
बरं झालं म्हणाली. आता तीही जाऊन माफी मागणार आहे, म्हणजे दोघींचं एकदाचं होऊन जाईल.
ती दारात चपला घालतेय.