काठी आमच्या दारात

५ ऑगस्ट २००७, सुरत

बाशी फोनवर पुन्हा भांडलो. डोंगर बंद करून अकरा महिने झाले, तरी हा माणूस नीट सांगत नाही! वनखातं, संस्थावाले अन् गाव, तिघांची मिळून समिती. अभयारण्याच्या कडेचा डोंगर राखायचा म्हणे. जनावर आत सोडायचं नाही, गवत विळ्यानं कापून आणायचं. माह्या सात बकऱ्या वर्षभर दावणीले. साठीचा बा डोक्यावर भारे वाहते. कायले?

म्हणे, "पोळा होऊ दे, मंग सांगतो."

इकडं कापडाच्या मिलमंधी रंगाच्या वाफेनं छाती भरते. बकऱ्या वाढल्या की गावाले जायचं, त्याच्यावरच दिवस काढून राह्यलो.

८ ऑगस्ट

समितीत आमच्या गावचा रामराव काऊन? त्याच्या घरी एक बकरी नाही. त्याले गवताचं काय पडलं?

१२ ऑगस्ट

मतीनले फोन केला. चौथीतून आम्ही दोघं संगंच सुटलो. त्यानं देऊळघाटले सायकलीचं दुकान टाकलं, मी इथं. यंदा गावभर पाकिटातल्या बियाण्याचीच पऱ्हाटी, कपाशी आहे म्हणे, पार डोंगराच्या पायापर्यंत. फवारे चालू, त्या वावरांत बकरी घालता येत नाही. डोंगराची पांदण रामरावच्या वावरातून जाते. वर्षभर त्या वाटेनं खूर गेलं नाही. रामरावनं पांदणीत पऱ्हाटीची दोन तासं, दोन ओळी जास्तीच्या टाकल्या.

समजलं! डोंगर बंद — पांदण बंद — रामरावचं वावर मोठं. अन् माहा बा त्याच्यासाठी भारे वाहते!

१९ ऑगस्ट

मतीन म्हणे, रामराव वनखात्याच्या साहेबाले घेऊन आमच्या घरी आला होता. चहा झाला. बानं एका कागदावर सही केली.

मायले विचारलं. तुह्या बाले विचार म्हणे. बाचं एकच — पोळा होऊ दे. पोळ्याले समितीचं वर्ष भरते. मंग? पांदण रामरावच्या नावावर?

२० ऑगस्ट

बाले सही येते. वाचता येत नाही.

२ सप्टेंबर

ठरवलं. वाटेनं जनावर गेलं तरच वाट जित्ती राहते. मतीनले सांगतलं, बा बाजाराले गेला की माह्या बकऱ्या सोड, पांदणीतून डोंगरावर ने. पाहू कोण आडवते.

तो म्हणे, "काठी या आठवड्यात तुह्याच दारात आहे बे."

गावात राखणीची काठी घरोघर फिरते. ज्याच्या दारात काठी, त्यानं डोंगर राखायचा. ज्याचं जनावर आत गेलं, त्याचं नाव समितीच्या वहीत लिहून द्यायचं.

मी म्हटलं, "मंग तं बरंच झालं! बा काय आपलंच नाव लिहून देते?"

दोघंही हसलो. मतीन जरा कमी हसला.

६ सप्टेंबर

गेल्या! सातही! दिवसभर चरल्या. कोणी पाह्यलं नाही. पांदणीत गुडघाभर तरोटा वाढला म्हणे, बकऱ्यांनी वाट पाडली. आज ड्युटीवर गाणं म्हणत होतो.

९ सप्टेंबर

बा येडा झाला काय? त्याच संध्याकाळी दावणीत बकऱ्यांची तट्ट पोटं पाह्यली अन् सरळ जाऊन वहीत आपलं नाव लिहून घेतलं. मायनं सांगतलं. बा फोनवर आला नाही. रामरावनं धमकावलं असन. दुसरं काय?

१२ सप्टेंबर

काल पोळा झाला. मायनं सांगतलं. बानं सही केली त्या कागदावर माहं नाव होतं. समितीले डोंगरासाठी पगारी रखवालदार पाह्यजे होता, अन् ज्या घराचं नाव वर्षभर वहीत नाही, त्याच घरचा. अर्ज रामरावनंच आणून दिला होता. पांदणीतली दोन तासंही त्याचीच. दोन्ही खरं. जागा आता गावातल्याच दयारामच्या पोराले.

मंग बा फोनवर आला. कोणी सोडल्या, विचारलं नाही. म्हणे, "तुह्या बकऱ्या बऱ्या आहेत. त्या दिवशी पोटभर खाल्लं त्यायनं."