एक घर, एक जीप आणि कडूबाईंचा विस्कटलेला ढीग

मी, राधाकृष्ण विष्णुपंत मुळे, वय बावन्न, धंदा साप्ताहिकातून लोकांना चिमटे काढणे, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी, जिल्हा अहमदनगर, आज रविवारी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना (घरची चटणी वगळून) माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवतो.

चटणीची तक्रार आधी, कारण पुढचे सगळे तिथूनच निघते. गेले तीन आठवडे या घरातल्या शेंगदाण्याच्या चटणीत दगडाची कच लागते. मी निमूट चावतो. दाढ ठणकते. पण बोलायची सोय नाही, कारण वरवंट्याचा टवका मीच उडवला आहे, आणि तो उडवताना वरवंट्याखाली पाटा नव्हता, जीप होती.

कलम १. राहते घर, परसातली विहीर आणि पोस्टातले पुस्तक पत्नी सौ. सरोजिनी हिचे. माझी पुस्तके तिने वाचावीत अशी सक्ती नाही. तिने ती माझ्या हयातीतही पाळलेली नाही. नवा वरवंटा मात्र माझ्या पश्चात नव्हे, येत्या बाजारीच घ्यावा.

कलम २. जीप. लष्कराने मोडीत काढलेली ही गाडी मी नगरच्या लिलावात घेतली. मला नको होती. पण शेजारी माझे मेहुणे नारायणराव उभे होते. नगरच्या एका वकिलाकडे कारकून असल्याने ते सर्वज्ञ आहेत. ते म्हणाले, "राधाकृष्णराव, तुम्हाला सायकलवरून धड उतरता येत नाही. जीप कशाला?" त्या एका वाक्यावर मी बोली लावली.

या गाडीत नेहमीच्या गिअरखेरीज आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्स्फर म्हणतात. तिचे दोन आखूड दांडे माझ्या डाव्या ढोपराशी येतात. एक लावला की पुढची चाकेही ओढू लागतात. दुसऱ्याने गाडी घाटासाठी हळू आणि जोरकस होते. या दुसऱ्याच्या वाटेत मधे एक रिकामे घर आहे. दांडा तिथे थांबला, की इंजिनाचा आणि चाकांचा संबंध संपला. मग कितीही गिअर बदला, गाडी तुमची राहत नाही, उताराची होते.

महाशिवरात्रीच्या पंधरा दिवस आधी जावईबापूंना शेजारी बसवून मी नगरहून तिसगावपर्यंत डांबरी रस्त्यावर चारही चाके ओढायला लावली. गरज काहीच नव्हती. "बघा, चारही ओढतात," एवढे म्हणता यावे म्हणून. घरी पोचल्यावर दांडा निघेना. मी वरवंटा आणला.

आमचा मिस्त्री सूर्यभान दुसऱ्या दिवशी गाडीखालून बाहेर आला.

"मुळेसाहेब, पक्क्या रस्त्यावर चारी चाकं एकमेकाशी भांडत्यात. मातीत घसरून भांडान मिटतं, डांबरावर मिटत न्हाई. दांडा अडकला तर गाडी चार हात मागं घ्यायची, आपसूक सुटतो. तुमी काय केलं?"

"वरवंटा मारला."

"कुठल्या दांड्याला?"

"अडकलेला कोणता ते कळेना. दोन्हींना."

सूर्यभानने तंबाखू थुंकली आणि सावकाश विचारले, "दोन्हींना?"

तेव्हापासून घाटाचा दांडा पुरता आत बसत नाही.

कलम ३. पाने, जॅक आणि ग्रीसचा डबा सूर्यभानला. कलम २ मधील जीपचे जे काही उरेल ते भंगारात द्यावे, आणि घाटाच्या दांड्याची मूठ नारायणरावांना. त्यांनी ती टेबलावर ठेवावी आणि मनातल्या मनात जिंकावे.

कलम ४. गेल्या गुरुवारचा खुलासा. याबद्दल सरोजिनीला मी आधी खोटे सांगितले होते.

आमची एकुलती मुलगी शोभा नगरला दिलेली आहे. सातवा महिना. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, म्हणून मी गुरुवारी तिच्या सासरी जाऊन सांगून आलो, "सोमवारी जीप घेऊन येतो. एसटीत धक्के खायला माझी लेक काही वाऱ्यावर पडलेली नाही." मागच्या बाकावर तिच्यासाठी नवी गादीही बांधली.

येताना करंजी घाटात, तिसऱ्या वळणावर, टक् असा आवाज झाला. दांडा मधल्या घरात गेला. इंजिन किंचाळू लागले आणि गाडी मोकळी सुटली. ब्रेक तापलेले, पाय थेट पत्र्याला टेकला. दांडा ओढला, ढकलला. तीन आठवडे जो जागेवर बसत नव्हता, तो त्या नको त्या घरात खिळा ठोकल्यासारखा बसला होता. डाव्या हाताला दरी. मी ओरडलो नाही, असे सरोजिनीला सांगितले होते. ओरडलो. "आई" म्हणून ओरडलो. आईला जाऊन एकोणीस वर्षे झाली.

उजवीकडे दुष्काळी कामाच्या खडीचा ढीग होता. गाडी त्यात घुसली आणि थांबली. अर्धी खडी रस्त्यावर उसळून पलीकडे दरीत गेली. धुरळ्यातून हातोडी घेतलेली एक म्हातारी आली. कडूबाई तिचे नाव.

"जित्ते हाय का?"

"आहे."

"मंग उतरा. ढिगावरनं गाडी काढा. आठ दिस फोडलीय मी. सोमवारी मुकादम माप घ्यायला येतोय."

मग तिने मागच्या बाकावर पाहिले. "गादी कुनाला?"

"मुलीला आणायची आहे. सातवा लागलाय."

"ह्यात?"

एवढेच म्हणाली आणि खडी वेचायला वाकली. मी तिथेच माझी फजिती रंगवून सांगायच्या तयारीत होतो. त्याऐवजी कामावरच्या माणसांकडून गाडी मागे ढकलून घेतली, तेव्हा दांडा आपसूक सुटला.

कलम ५. माझी भीती. ही मिळकत कोणालाही देऊ नये. गुरुवारपासून ओट्याची पायरी उतरताना माझा डावा हात काहीतरी धरायला जातो. सरोजिनी सुपारी कातरते, अडकित्ता टक् करतो आणि माझ्या पोटऱ्या गार पडतात. डोळे मिटले की गाडी सुटते, आणि दर वेळी मागच्या गादीवर शोभा असते. फक्त बाजूची कांब घट्ट धरून बसते.

काल सरोजिनी म्हणाली, "वळणावर जरा थांबलो होतो म्हणालात ना? मग बंपरात खडी कशी?" मी सगळे सांगितले. ती रागावली नाही, त्यामुळे आणखी घाबरलो. उद्या ती एसटीने जाऊन शोभाला एसटीनेच आणेल. जावयासमोर माझे नाक जाईल. जाऊ दे. चष्मा दोरीने बांधीन.

उद्याच पहाटे मी रिकामी जीप एकटा घाट चढवून नगरच्या गॅरेजात सोडणार आहे. चढावर दांडा सुटला तर गाडी मागे येते, आणि मागे मला दिसत नाही. सूर्यभान बरोबर येतो म्हणाला, नको म्हटले. दारातच राहू द्यावी, तर मी पुन्हा कोणाला तरी बसवीन. स्वतःला मी बावन्न वर्षे ओळखतो.

कलम ६. ~~श्रीमती कडूबाई यांची आठ दिवसांची मेहनत माझ्याकडून मोडली. तिची भरपाई माझ्या मिळकतीतून प्रथम~~

हे कलम मीच खोडले आहे. आज काम बंद होते. सकाळी हातोडी आणि घमेले घेऊन घाटात गेलो, तर ती आधीच तिथे बसलेली. समोर बसलो. तिने माझी पहिली पाटी उपडी केली. "ही खडी न्हाई, धोंडं हायती. बारीक करा." केली. ऊन डोक्यावर आले तेव्हा ढीग तिच्या खुणेला लागला. ती पाणी प्यायला वळली, तेवढ्यात मी आणखी दोन घमेली वर ओतली. मुकादमाचे माप हात राखून असते, असे ऐकतो.

आता तिला माझ्याकडून काही येणे नाही. नारायणराव सांगतात की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे, त्याने साक्ष घालू नये. तेव्हा कडूबाई साक्षीला चालतात. तिसगावला परतताना त्यांना सोबत घेऊन आलो. पायी.

सही वाकडी आहे. पुढे कोणी शंका घेईल, म्हणून नमूद करतो: हाताला सात फोड आहेत. बाकीचा थरकाप कलम ५ मध्ये आला आहे.

राधाकृष्ण विष्णुपंत मुळे

साक्षीदार
१. सहादेव, पोस्टमास्तर. मजकूर वाचला, सही समक्ष झाली.
२. कडूबाई, निशाणी डावा अंगठा. मजकूर वाचून दाखवला. दोन घमेल्यांचे वाक्य वाचताना गाळले.

मुक्काम तिसगाव, ता. ११ मार्च १९७३