इंग्रजीच्या तासाला आलेले पाहुणे

बुलढाणा, मंगळवार

तीर्थरूप वामनमामांना इंद्रभानचा वाकून नमस्कार, आणि मामींना त्याहून थोडा जास्त. तुमचा गुडघा आता कसा आहे? पिंपळगाव राजा या गावच्या वैद्यांचं तेल लागू पडलं असेल तर उत्तमच, नसेल तर ते निदान दिव्यात घालून पाहावं. इथं थंडी चांगली पडली आहे, माझी प्रकृती बरी आहे. पाठ तेवढी दुखते. तिचं कारण पुढं येईलच.

तुम्ही मागच्या पत्रात विचारलं होतं की मोताळ्याचे महादेवराव आपल्या लेकीसाठी, पुष्पासाठी, मला पाहायला आले का, आणि बोलणं काय झालं. ते आले. बोलणं झालं नाही. का झालं नाही हे सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागेल, तेव्हा गुडघा नीट लांब करून बसावं.

आमचे हेडमास्तर नारायणराव उन्हाळ्यात जबलपूरला ट्रेनिंगला जाऊन आले. जाण्यापूर्वी ते तुमच्या-आमच्यासारखेच होते. आले ते नवी पद्धत घेऊन. या पद्धतीत इंग्रजी शिकवताना मराठीचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही. अर्थ सांगायचा नाही, दाखवायचा. 'डोअर म्हणजे दार' असं म्हणणं हा आता गुन्हा आहे. दाराशी चालत जायचं, दाराला हात लावायचा आणि डोअर म्हणायचं. फळ्याच्या वर नारायणरावांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात वर्गाचे नियम लिहून लावले आहेत: वेळेवर यावं, उत्तर पूर्ण वाक्यात द्यावं, जे बोलावं ते करून दाखवावं, वर्गात नवा माणूस आला तर त्याला इंग्रजीत नमस्कार करून नाव विचारावं. मराठी बोलणाऱ्या मुलाने तास संपेपर्यंत बाकावर उभं राहायचं. मास्तर मराठी बोलला तर काय, ते लिहिलेलं नाही. पण माझी नोकरी पक्की करायची की नाही हे याच महिन्यात ठरणार होतं आणि नारायणराव हातात छडीऐवजी टाचणवही घेऊन व्हरांड्यात रबरी तळव्याच्या जोड्यांनी फिरतात. (पूर्वी ते वहाणा घालायचे, तेव्हा निदान आवाज यायचा.)

पद्धत वाईट नाही, मामा. उठणं-बसणं, खाणं-पिणं मुलं भराभर शिकली. अडचण येते ती न दिसणाऱ्या गोष्टींची. 'होप' हा शब्द आला तेव्हा मी खिडकीतून दूर बघत बराच वेळ उभा राहिलो. मुलांनी 'होप म्हणजे वाट चुकणे' असं मनाशी धरलं. 'ऑनेस्टी'साठी मी बाकाखाली पडलेला एकाचा टाक उचलला आणि त्याला परत दिला, तर पुढचा आठवडाभर माझा वर्ग टाक चोरण्याला ऑनेस्टी म्हणत होता. अर्थ चुकला हे कळतं, पण मराठी बंद असल्याने चुकला हे सांगता येत नाही. आणि कोणाला बाहेर जायचं असलं की तो हात वर करून 'आय ॲम गोइंग टू द डोअर' म्हणतो, कारण त्या दिशेला जाणारं तेवढंच वाक्य आम्ही शिकवलं आहे. बिचारा दारापर्यंत जातो आणि तिथं उभा राहतो. पुढचं वाक्य पुढच्या धड्यात आहे.

तर गेल्या गुरुवारी धडा होता क्रियापदांचा. मी वर्गात शिरलो तेव्हा व्हरांड्यातल्या खिडकीपाशी बाकावर दोन माणसं बसलेली दिसली. एक फेटेवाले गृहस्थ आणि त्यांच्याशेजारी काळी छत्री मांडीवर आडवी धरलेल्या एक वयस्कर बाई. मला वाटलं, नारायणरावांनी पद्धत पाहायला बसवले असतील. त्यांना ती खोड आहे. मागं भिंतीला चुना लावायला आलेल्या माणसालाही त्यांनी अर्धा तास माझ्या वर्गात बसवून ठेवलं होतं. (महादेवराव त्या दिवशी येणार आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलगा बेसावध असताना पाहावा असं त्यांच्या घरी मानतात म्हणे. मी बेसावध होतो हे त्यांना कबूल करावंच लागेल.) पाहुणे आहेत म्हटल्यावर मी नेहमीपेक्षा जरा जोरात शिकवायला लागलो.

'आय ॲम वॉकिंग' म्हणत मी भिंतीपर्यंत गेलो आणि परत आलो. 'आय ॲम लाफिंग' म्हणून हसलो. 'आय ॲम वीपिंग' म्हणून उपरण्यात तोंड घालून हुंदके दिले. ते इतके चांगले साधले की मागच्या बाकावरच्या एकाचे डोळे खरोखर भरून आले. मग 'आय ॲम स्लीपिंग' म्हणून टेबलावर आडवा झालो आणि घोरलो. प्रत्येक वाक्य वर्ग माझ्यामागून म्हणत होता. खिडकीतल्या बाईंनी तोंडाला पदर लावलेला मी झोपेत एका डोळ्याने पाहिला आणि मला वाटलं, पद्धत पसंत पडली.

शेवटचं क्रियापद होतं 'फॉलिंग'. ते मी फक्त हाताने दाखवणार होतो. पण टेबलाचा एक पाय बऱ्याच दिवसांपासून सुटायला आला होता आणि त्याने हीच वेळ साधली. मी टेबलासकट खाली आलो. वर्ग एका सुरात म्हणाला, 'आय ॲम फॉलिंग.'

फेटेवाले गृहस्थ जोडे बाहेर काढून लगबगीने आत आले आणि माझ्यावर वाकले.

'मास्तर, लागलं काय तुमाले?'

त्यांच्या खांद्यावरून मला दार दिसत होतं आणि दारात टाचणवही उघडून नारायणराव उभे होते. मी जमिनीवरूनच म्हणालो, 'गुड मॉर्निंग, सर. व्हॉट इज युवर नेम?'

'म्या इचारलं, लागलं काय?'

'व्हॉट इज युवर नेम?' सगळा वर्ग उठून उभा राहून म्हणाला. नियमच तसा आहे.

गृहस्थांनी एकदा मुलांकडे पाहिलं, एकदा नारायणरावांकडे पाहिलं, आणि आजाऱ्याशी बोलावं तसं हळू म्हणाले, 'म्हादेव.'

आता त्या क्षणी मी ओळखायला हवं होतं. पण वऱ्हाडात महादेव काय थोडे आहेत? आणि माझं लक्ष पूर्ण वाक्याकडे होतं. मी म्हणालो, 'माय नेम इज महादेव.'

'तुमचं बी?' ते म्हणाले, आणि बाईंना घेऊन निघून गेले.

तास संपल्यावर आमचा चपराशी गुलजार टेबलाचा पाय ठोकायला आला. ठोकता ठोकता म्हणाला, 'सर, पाव्हने लवकर गेले. मोताळ्याचे महादेवराव होते ना ते, अन् त्याईची बहीन गोजरबाई. तुमालेच पाहाले आलते. म्याच खिडकीपाशी बसोलं. म्हटलं, इथून चांगले दिसतीन.'

मी मोटारीच्या अड्ड्यावर धावत गेलो. मोताळ्यावरून मलकापूरकडं जाणारी मोटार अजून भरायची होती. मी महादेवरावांच्या पाया पडलो आणि मराठी बोलायला सुरुवात केली. सकाळपासून साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं: हेडमास्तर, जबलपूर, नियम, टेबल. मध्ये श्वास घ्यायला थांबलो तेव्हा महादेवराव म्हणाले, 'बोलता येते तुमाले. मंग मघा काऊन नाई बोलले?'

'नोकरी पक्की व्हायची आहे. हेडमास्तर दारात होते.'

'म्हंजे हेडमास्तर दारात असले, तर तुमी सासऱ्यासंग बी बोलनार नाई.'

मी पुन्हा एकदा त्यांच्या पाया पडलो. गोजरबाई मात्र रागावलेल्या दिसल्या नाहीत. महादेवरावांची बायको गेल्यापासून घर त्याच चालवतात, तुम्हाला ठाऊकच आहे. त्या मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाल्या, 'पोरगं कामचुकार नाई. झोपून दाखोलं, रडून दाखोलं, पडून बी दाखोलं.' मग भावाकडं वळून म्हणाल्या, 'पन उद्या पुष्पा आजारी पडली तं हा खरा रडून राह्यला का शिकवून राह्यला, हे तिले कसं समजन?'

मोटार सुरू झाली. महादेवराव चढता चढता म्हणाले, 'घरी इचारून कळवतो.' याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी नारायणरावांनी मला बोलावून घेतलं. पडल्यावरही इंग्रजी सोडली नाही, बाहेरच्या माणसाने दोनदा चिथावलं तरी सोडली नाही, असं त्यांनी माझ्याबद्दल वर लिहून पाठवलं आहे. नोकरी पक्की झाली. मी आभार मानले. ते पूर्ण वाक्यात मानले.

तेव्हा मामा, या स्थळाचा विषय इथंच संपला असं समजावं. मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. मुलगी मी पाहिलेलीही नाही. ती मराठी सातवी पास आहे आणि तिला वाचनाचा नाद आहे एवढंच तुमच्याकडून कळलं होतं. लग्नाची मला घाईही नाही. संध्याकाळी खोलीवर एकटा असतो, स्वयंपाक करतो, आणि कोणी विचारत नसल्यामुळे कोणत्याही भाषेत बोलावं लागत नाही. यात एक प्रकारची शांतता आहे. मामींना तेवढं सांगावं की भाकरी अजून गोल येत नाही.

आपला आज्ञाधारक भाचा,
इंद्रभान

ता. क. पत्र आज टपालात पडलं नाही, म्हणून हे आणखी. तुम्ही अमडापूरहून कधी मोताळ्याच्या बाजाराला जाणार असाल, आणि वाटेत महादेवरावांचं घर लागलं, तर सहज डोकावावं. मुद्दाम जाऊ नये. गेलात तर मी लहानपणापासून घरात मराठी बोलतो आणि एरवी टेबलावर झोपत नाही, एवढं दोन माणसांदेखत सांगावं. गुडघा दुखत असला तर बैलगाडी करून जावं.

आणखी ता. क. (गुरुवार.) जाऊ नका. आज मधल्या सुट्टीत महादेवराव एकटेच आले, आणि या वेळी व्हरांड्यात न बसता फाटकाबाहेर उभे राहिले. म्हणाले, गोजरबाईंनी घरी गेल्याबरोबर ओसरीवर माझा सगळा धडा करून दाखवला. चालणं, रडणं, घोरणं, सगळं. आई गेल्यापासून पुष्पा घरात मोठ्यानं हसली नव्हती. त्या दिवशी ती इतकी हसली की चुलीवरचं दूध उतू गेलं, आणि सरळ बापाला म्हणाली, 'बाबा, ज्याले लोकाईपुढं पडाची लाज वाटत नाई, तो घरात रुसून बसनार नाई. मले चालते.' हे सांगताना महादेवराव माझ्याकडं बघत नव्हते, रस्त्याकडं बघत होते. मीही रस्त्याकडंच पाहिलं.

शेवटचं. मुलाकडच्यांनी लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. म्हणून मी गंभीरपणे म्हणालो, 'वडिलांच्या जागी मामा आहेत. त्यांना विचारल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही.' महादेवरावांना हे फार आवडलं. ते वळणापर्यंत गेले, आणि मग मी त्यांच्यामागं धावत जाऊन हो म्हणून आलो. तुम्हाला विचारायचं तेवढं राहिलं होतं, ते या पत्राने पुरं झालं असं धरावं. महादेवराव रविवारी तुमचा विचार घ्यायला अमडापूरला येत आहेत. आपण विचार करतो आहोत असं त्यांच्यापुढं थोडा वेळ दाखवावं, ही विनंती. फार वेळ मात्र दाखवू नये.