मी तो सहदेव नव्हे

मी, सहदेव मोरू ठोंबरे, वय वर्षे बावन्न, पूर्वी रसायनीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून, राहणार भिसेगाव, कर्जत, हे मृत्युपत्र शुद्धीत राहून, चष्मा लावून, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोणी धमकावलेले नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. दुखणे छातीचे आहे, डोक्याचे नाही. वाचणाऱ्याने माझ्या नावातला 'मोरू' हा मधला शब्द नीट पाहावा. माझ्या आयुष्याचा सगळा घोळ त्या शब्दापाशी आहे.

कलम १. भिसेगावचे राहते घर, भांडीकुंडी, शिवणयंत्र आणि बँकेत जे असेल ते माझी पत्नी सुंदरा हिला मिळावे. तिने माझ्याबरोबर जो संसार केला त्यात तिला आजवर पाहुण्यासारखे वाटत राहिले. त्याचे कारण पुढे येते. मुलगी पारू हिने आईला विचारल्याशिवाय परसातला आंबा तोडू नये.

कलम २. माझे चुलते सहदेव नागू ठोंबरे माझ्या जन्माच्या काही आठवडे आधी तापाने वारले. तेव्हा आम्ही खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावी राहत होतो. आमच्याकडे माणूस गेला की दहाव्याच्या रात्री, तो जिथे गेला त्या जागी तांदळाचे पीठ पातळ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून पाहतात. पाखराचा पंजा उमटला तर पाखराचा जन्म, खूर उमटला तर गुराचा. चुलत्यांच्या पिठात लहान मुलाचे पाऊल निघाले. माझी आई बायजा तेव्हा पोटुशी होती. मग काय, मी जन्मायच्या आधीच मी कोण हे ठरून गेले. बारशाला नाव सहदेवच ठेवले.

चुलत्यांची बायको सोनुबाई तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती. आमच्यात विधवेचा पाट लावतात, म्हणजे तिचे दुसरे लग्न होते. चौक गावच्या एका बिजवराशी तिच्या भावाने बोलणे करून ठेवले होते. भाऊ तिला न्यायला आला तेव्हा आमच्या म्हाताऱ्यांनी त्याला ओटीवरूनच परत पाठवला. "नवरा येतोय घरात, पाट कसला लावता?" मी जन्मलो तसे तिच्या कपाळी पुन्हा कुंकू लावले आणि हातात बांगड्या भरल्या.

ही सोनुबाई माझी चुलती आहे. हे नाते मी कागदावर आज प्रथमच लिहीत आहे.

कलम ३. या कलमात कोणाला काही दिलेले नाही. वकील म्हणाले, अशा कलमाची गरज नाही. मला आहे.

सोनुबाईने माझे नाव कधी घेतले नाही, कारण बाई नवऱ्याचे नाव घेत नाही. मी रांगत होतो तेव्हाही ती म्हणे, "अवो, चुलीकडं जाऊ नगा." मला कडेवर घेतले की माणसे हसत, म्हणून तिने कडेवर घेणे सोडले. माझ्या आधी ती कधी जेवली नाही. मी तिला 'सोने' म्हणून हाक मारत असे आणि घरात सगळ्यांना त्याची गंमत वाटे. आठ-नऊ वर्षांचा असताना भात करपला म्हणून मी तिच्या अंगावर ताट फेकले. तिने शिते वेचली आणि दुसरे ताट वाढले. वडील हसून म्हणाले, "थेट सहदेवाचा राग हाय!" आणि मला वाटले, मी काहीतरी मोठे केले.

पुढे अक्कल आली. पण अक्कल आल्यावरही मी तिला 'काकी' म्हटले नाही, कारण पाण्याचा तांब्या हाताशी येत होता, धोतर धुऊन मिळत होते, आणि हे सगळे मागावे लागत नव्हते. माझ्या लग्नात ती कणगीमागे बसून राहिली. बायकांनी तिला "सवत आली गं तुला" म्हणून चिडवले. सुंदरा नवी नवरी, पहिल्या सकाळी मला म्हणाली, "तुमची पयली उठल्याबिगर मी चूल कशी पेटवू?" मी हसलो. हसायला नको होते.

मला याची लाज वाटते. हा शब्द मृत्युपत्रात बसत नसला तरी कोणी खोडू नये.

कलम ४. गावचे ओढ्याकाठचे भाताचे शेत मी कोणाला देत नाही, कारण ते माझे नाही. सातबाऱ्यावर आजही 'सहदेव नागू ठोंबरे' असे नाव आहे. चुलते वारल्याची नोंद आमच्या घरातून कोणी दिलीच नाही. माणूस परत आला आहे, मग वारल्याची वर्दी कसली द्यायची? तलाठ्याने विचारले की वडील मला पुढे करत. "ह्यो बगा सहदेव." मी त्या शेताचे भात पन्नास वर्षे खाल्ले. आता सहदेव नागू मयत झाल्याची नोंद व्हावी, आणि त्यांची विधवा म्हणून सोनुबाईचे नाव लागावे. मी दिले असे कोणी म्हणू नये. तिचे तिला परत गेले.

कलम ५. माझी कादंबरी 'पीठखाते', हस्तलिखित, दोन गठ्ठे, तिचे सर्व हक्क मुलगी पारू हिला.

कारखान्यात एखादा कामगार मेला की त्याचा बिल्ला नंबर नव्या माणसाला मिळत असे, आणि तो माझ्या हातून मिळत असे. एकदा एका नव्या कामगाराने बिल्ला पुसत विचारले, "ह्यो आदी कुनाचा व्हता?" मी त्याच्यापुढे सहीचे रजिस्टर सरकवले. त्याच आठवड्यात मी लिहायला बसलो.

कादंबरीतला काळ आपल्या पणतवंडांच्याही पुढचा. त्या राज्यात माणूस मेला की पीठखात्याचा अधिकारी मोहोरबंद डब्यातून सरकारी पीठ घेऊन येतो, सकाळी पाऊल वाचतो आणि पुढे जन्मणाऱ्या मुलाला मेलेल्याचे नाव, नोकरी, भाडेकरार, कोर्टातले दावे, सगळे चिकटवून जातो. पाळण्यातल्या आरोपीला समन्स लावतात. मास्तर पहिलीतल्या पोराला 'साहेब' म्हणतो, कारण मागच्या जन्मी तो मोठा अंमलदार होता. स्वतःचे नाव कोणालाच नाही. आणि 'विधवा' हा शब्द कोशातून काढून टाकला आहे. आमच्या राज्यात एकही विधवा उरलेली नाही, असे मंत्री छाती फुगवून सांगतात. नायिका येसू पाळण्यातल्या नवऱ्याला झोके देत देत म्हातारी होते. शेवटी ती खात्याच्या मोठ्या अधिकाऱ्यापुढे उभी राहते, आणि तिथे माझे लिहिणे अडले ते अडलेच. ती काय बोलेल ते मला सुचेना.

तरी तशीच अर्धवट मी ती पुण्याच्या एका प्रकाशकाला पाठवली. त्यांनी परत केली. कल्पना अफाट आहे, पण असे कुठे घडत असते का, असा अभिप्राय होता. ते पाकीट पोस्टमनकडून सोनुबाईनेच घेतले आणि मला आणून दिले, "अवो, तुमचं आलंय" म्हणून.

कलम ६. माझी आई बायजा हिचा फोटो मी ओटीवरून काढून माळ्यावर ठेवला आहे. माझ्यामागेही तो वर लावू नये.

गौरीच्या सणाला आमच्याकडे दारापासून आतपर्यंत पिठाची पावले काढतात. मूठ पिठाच्या पाण्यात बुडवून जमिनीवर टेकवायची आणि वर बोटाने पाच ठिपके द्यायचे. लहान मुलाचे पाऊल हुबेहूब उमटते. आईसारखी पावले गावात कोणाची येत नसत. चाळिशीत एका गौरीला मी ती पावले पाहत उभा होतो आणि मला चुलत्यांच्या पिठातले पाऊल आठवले. घरात कामाला दोन हात फुकट राहावेत म्हणून आईने जावेचा जन्म बांधून घातला, हे मला त्या दिवशी कळले. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिला विचारले. तिने तोंड भिंतीकडे केले आणि एवढेच म्हणाली, "सोनूला इचारू नगं." मी तिला माफ केलेले नाही.

कलम ७. मी गेल्यावर पीठ मांडू नये. आणि हे मृत्युपत्र ज्यासाठी लिहायला घेतले ते असे. मी मेलो की माझ्या घरात दोन बायका बांगड्या फोडतील. एक सुंदरा. दुसरी सत्तरीची म्हातारी, एकाच माणसासाठी दुसऱ्यांदा. हे होऊ देऊ नये. सोनुबाईचे कुंकू आणि बांगड्या माझ्या मरणाशी जोडलेल्या नाहीत, असे मी लिहून देतो. पण माझे लिहिणे ती मानेल का, याचीच मला धास्ती आहे. तिला हे वाचून दाखवल्याशिवाय मी सही करणार नाही.

पुढील मजकूर चार दिवसांनी.

आधी कादंबरी आणि मग वरची कलमे मी ओटीवर बसून सोनुबाईला वाचून दाखवली. ती वाल सोलत होती. चार दिवस तिने मान वर केली नाही. कालच्या संध्याकाळी सगळे संपले तेव्हा म्हणाली, "ती येसू येवडी मुकी कशाला केली तुमी? तिला हात नायत?"

"हात असून काय करणार? पीठ सरकारचं आहे," मी म्हणालो.

"पीठ आसंल सरकारचं. मूठ तर तिची हाय ना?" मग तिने वालाची परात बाजूला सारली. "ते पाऊल येकल्या बायजाचं नाय. माजं हाय."

मी हातातले कागद खाली ठेवले.

"भाऊ उजाडल्यावर न्याया येनार व्हता. चौकच्या त्या बिजवराची पयली कशी मेली ते समद्यांना ठावं व्हतं. मला जायाचं नव्हतं. मी टोपली उचलली नि मूठ दाबली. बोटं काढाया गेले. मागं बगते त बायजा उभी. मला वाटलं, आता बोंबलंल. त ती म्हनली, 'सर गं, बोटं मी काढते. तुजी वाकडी येतील.'"

"मग एवढी वर्षं मला 'अवो' कशाला?"

"पयल्यानं भ्याव व्हतं, कुनाला कळंल म्हनून. मंग सवय झाली. येकदा नाव नाय घेतलं का मंग ते जिभंवर येत नाय." तिने पदराने तोंड पुसले. "मला त्याचं काय नाय. येकाच गोष्टीचं वाईट वाटतं. तुमाला मनाजोगं कडंवर घ्यायाचं राहून गेलं."

बांगड्यांचे मी विचारले तेव्हा मात्र ती रागावली. "ह्या माज्या हौसंच्या हायत. कुनाच्या नावाच्या नायत. कुनी बी मेलं तरी फोडायची नाय."

म्हणून पुढीलप्रमाणे दुरुस्ती करतो.

कलम ६ रद्द. आईचा फोटो मी आजच खाली आणून, पुसून, ओटीवर लावला. इतकी वर्षे तो माळ्यावर उंदरांत पडला होता. तिने मरतानाही मैत्रिणीचे गुपित राखले आणि मी तिला चोर ठरवले. माफी मागायला ती नाही.

कलम ५ ला जोड. कादंबरीचा शेवट आज लिहिला. येसू गाऱ्हाणे मांडत नाही. ती अधिकाऱ्याच्या टेबलावरच्या पिठात मूठ टेकवते, वर पाच बोटे देते आणि विचारते, हे कोणाचे पाऊल ते सांग. पण माझी येसू शंभर पाने नुसती रडते, तेवढी पाने पारूने जाळावीत. मी एका बाईवर दया करत बसलो, तिला कधी विचारले नाही. फेकलेले ताट फेकलेलेच राहिले. माझा अपराध कमी झाला असे मला वाटत नाही. तो फक्त जागा बदलून बसला आहे.

कलम ४ कायम. कलम ७ मधले बांगड्यांचे वाक्य आता लागत नाही, पण राहू द्यावे.

वर लिहिलेले सर्व मी वाचले, ते माझेच आहे, आणि साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत त्याखाली सही करतो.

कर्जत, दिनांक १७ नोव्हेंबर १९८३.

सही: सहदेव मोरू ठोंबरे

साक्षीदार: धाऊ बारकू भोईर, राहणार मोहोपाडा (सही)
साक्षीदार: भिवाजी गोमा घारे, राहणार भिसेगाव (सही)

लिहून देणाऱ्याची ओळख. नोंदणी कचेरीतल्या लेखनिकाने विचारले, "बाई, हे कोण?" तिने सांगितले ते तिच्याच शब्दांत उतरवले आहे:

"मी सोनुबाई. माजा नवरा सहदेव नागू. तो मेला, त्याला लई वर्सं झाली. ह्यो सहदेव मोरू, माज्या जावंचा ल्योक. माजा पुतन्या हाय. जल्मला तवा पयला मीच हातात घेतला, म्हनून वळखते. सहदेवा, माजा हात धर रं, अंगठा कुटं टेकवू?"

निशाणी: सोनुबाई सहदेव ठोंबरे, डाव्या हाताचा अंगठा.