उघडं कार्ड

पुणे, ३ ऑगस्ट १९८८, बुध.
तर भाऊसाहेबांचं आजपण तेच. आमचे हेडक्लार्क. कितीदा सांगावं, कार्ड म्हंजी उघडं पत्र. पर खेड्यात राहिलेत कधी? तपासणीला बोलवायची कार्डं पहिलं मी हातानं लिहायचो, 'अमक्या तारखेला दवाखान्यात यावे', बस. आता कॉम्प्युटर छापतो. नाव, गाव, तारीख आन् खाली ठळक TB. म्हणाले, "अरे, मशीन आहे ते. चुकत नाही."
चुकत न्हाय हीच तर पंचाईत.

५ ऑगस्ट, शुक्र.
गठ्ठ्यात लक्ष्मीआक्काचं कार्ड. सोनारीची, आमच्या शेजारगावची, चार बुकं शिकलेली. घरी 'बहिणीकडं जाते' सांगून इथं येती. गोळ्या पिठाच्या डब्यात लपवती. मागं जाताना म्हणाली, "बाबा, सासूला कळलं तर ताट येगळं करंल. लेकरं जवळ येऊ द्यायची न्हाय."
ताट येगळं म्हंजी काय, आमच्या आज्याला इचारा.
तिकडं पोस्टमन तात्या देवळापुढं बसून समद्यांची कार्डं मोठ्यानं वाचतो. आमच्या गावातबी तोच. माणूस वाईट न्हाय, लोकांना वाचता येत न्हाय म्हणून वाचतो. कार्ड फाडावं तर आक्काची तारीख चुकंल, गोळ्या संपतील.

६ ऑगस्ट, शनि.
पाकिटं आणली, माझ्या पैशानं. आक्काचं एकटीचंच घालणार होतो. पर बाकीच्यांलाबी सासवा असतील. खेड्यातली मोजली, बत्तीस निघाली. आक्काच्या पाकिटावर मागं लिहिलं, 'पाठवणार – बहीण, पुणे'.
भाऊसाहेबांनी बघितलं. "कलेक्टर लागून गेलास का रे?"
म्हणलं, "न्हाय साहेब. तिकडचा हाय."
जाताना डिंकाची बाटली माझ्याकडं सरकवली.

९ ऑगस्ट, मंगळ.
कॉम्प्युटरवाल्या मॅडमला धीर करून इचारलं, रोगाचा रकाना निघंल का. "दोन मिनिटांचं काम. पण मोठ्या डॉक्टरांची सही लागेल."
अर्ज भाऊसाहेबांनीच लिहून दिला. "तुझं शुद्धलेखन बघून त्यांनाच अॅडमिट करावं लागेल." लई हसलो दोघं. चहा त्यांनी पाजला.
दादाचं पत्र. पाऊस न्हाय, पर साखर कारखान्यात लावतो, ये. चार नोकऱ्या सोडल्या, ही पाचवी. आधीचा मी असतो तर रात्रीच यष्टी धरली असती. ही सोडू वाटंना.

१२ ऑगस्ट, शुक्र.
मोठे डॉक्टर रजेवर. अर्ज टेबलावर पडलाय. पुढचा गठ्ठा मंगळवारी छापणार. पाकीट आक्काला मिळालं का, तेबी कळायला मार्ग न्हाय. तिची तारीख २४. यील तवा खरं.
आज घरी मनीऑर्डर केली. दर म्हैन्याला दीडशे जातात, ह्या बारीला पाकिटांमुळं कमी. आबा इचारतील. फॉर्मवर मजकुराच्या जागी कारण लिहायला घेतलं आन् हात थांबला. हेबी तात्याच वाचणार.
लिहिलं, 'मी खुशाल.' बाकी कोरं. रु. १३०.